पडद्यामागचा तिसरा आवाज

१

डबा उघडला आणि आधी झुरळ बाहेर आलं.

"शी!" दिलिया पोलोने हात झटकला. झुरळ तिच्या मनगटावरून तुरुतुरु धावत टेबलाखाली पसार झालं. बावीस वर्षं बंद असलेल्या डब्यात झुरळ? तिच्या बापाने भरलेल्या ट्रान्स्फॉर्मरच्या डब्यात मुंगीला शिरायला जागा नसायची, काठोकाठ डांबर ओतलेलं असायचं. इथे डांबराचा नुसता पापुद्रा होता, दुधावरच्या सायीसारखा. तिने त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो सरळ खाली पोकळीत गेला.

तिने पापुद्रा उचकटला, दिवा जवळ धरला आणि तोंड वाकडं केलं. आतला ट्रान्स्फॉर्मर बापाने भरलेल्याच्या निम्म्याने होता. तारा कशाबशा जोडलेल्या आणि वरची पत्र्याची पट्टी खरवडून खरवडून पांढरी केलेली.

"हा बाबांचा नाही," ती म्हणाली.

"बघा! मी काय म्हणत होतो?" दॉन अल्सीदेसनी टेबलावर मूठ आपटली. पांढराशुभ्र सदरा, पांढऱ्या मिश्या, बोटात सोन्याची अंगठी. रेबोलो वस्तीत त्यांच्यासमोर कोणी टोपी घालून उभं राहत नसे, कारण 'काणा वाघ' त्यांचा होता. बारांकिया शहरात पिको, म्हणजे रस्त्यावरच्या नाचगाण्याच्या भल्यामोठ्या पेट्या, पुष्कळ होते, पण रेबोलोची माणसं नाचायची ती काण्या वाघावर. कपाटाएवढी ध्वनिपेटी, तिच्यावर रंगवलेला एका डोळ्याचा वाघ, आणि मागे व्हॉल्व्हचा घरगुती अँप्लिफायर, चुलीएवढा. त्याचा प्राण म्हणजे ट्रान्स्फॉर्मर. मेस्त्रो नीकानोर पोलोने मरण्याआधी स्वतःच्या हाताने भरलेला शेवटचा.

गेल्या शनिवारी, भर रस्त्यात, सातशे माणसांसमोर ढोलाची थाप पडली आणि काण्या वाघाचा आवाज टरकन फाटला. एकदा नाही, प्रत्येक थापेला. पलीकडच्या वस्तीतल्या पिकोवाल्यांनी माइक हातात घेतला आणि "म्याव, म्याव" केलं. सगळा रस्ता हसला. रेबोलो ते हसणं अजून विसरलं नव्हतं.

"या खोलीच्या किल्ल्या दोनच," दॉन अल्सीदेस म्हणाले. "एक माझ्याकडे आणि एक या हरामखोराकडे."

हा हरामखोर म्हणजे विल्फ्रीदो. एकोणीस वर्षं वाघाची दुरुस्ती करणारा माणूस. तो भिंतीला टेकून उभा होता, हातातलं फडकं पिळत. काही बोलला नाही.

"मला आधीच वास आला होता," एदुल्फो म्हणाला. हा वाघावर रेकॉर्डी लावणारा, गळ्यात तीन साखळ्या. "माझ्या कानांना फसवणं सोपं नाही, बाई."

"मला तर काहीच कळलं नव्हतं," जावई नायीब जांभई देत म्हणाला. "पण चोर तो चोरच."

"शनिवारी चार वाजता मी माइकवरून नाव घेणार," दॉन अल्सीदेस म्हणाले. "दिलियाबाई, तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभं राहायचं. मेस्त्रो पोलोच्या लेकीने सांगितलं की संपलं."

माइकवरून नाव घेणं म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या नावाच्या माणसाला मग साधा रेडिओही कोणी उघडू देत नाही. बायको बाजारात गेली तर मासळीवाली पाठ फिरवते. विल्फ्रीदो बावन्न वर्षांचा होता आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

दिलियाने ट्रान्स्फॉर्मर फडक्यात गुंडाळला आणि काखेत मारला.

"मी ट्रान्स्फॉर्मर ओळखला, चोर नाही. शनिवारी दुपारपर्यंत कोणाचं नाव घ्यायचं नाही. घेतलंत, तर हा माझ्या बापाचाच आहे असं मी माइकवरून सांगेन. मग काय करायचं ते करा."



२

दिलियाचं दुकान म्हणजे तारेच्या रिळांनी भरलेली एक लांबोडकी खोली. छप्पन्न वर्षांच्या तिच्या बोटांना तारेने घट्टे पाडले होते, आणि माणसांनी जिभेला.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू, ताई?" विल्फ्रीदो स्टुलावर अंग चोरून बसला होता. तो तिच्या बापाचा शेवटचा शिष्य, या दुकानात जेवून मोठा झालेला.

"तू केलंस?"

"नाही."

"मग तिथे का नाही बोललास? तोंडात काय बोळा कोंबला होता?"

त्याने खांदे उडवले. मग हळूहळू सांगितलं, की तीन महिन्यांपूर्वी आईचं कंबरेचं हाड मोडलं म्हणून तो आठ दिवस गावी गेला होता. जाताना किल्ली दॉन अल्सीदेसच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून गेला. त्या स्वयंपाकघरातून सगळेच ये-जा करतात, एदुल्फो, नायीब, सगळे. परत आल्यावर वाघ वाजवला तर ढोलाच्या थापेला किंचित चीर जाणवली. मग दर शनिवारी दॉन अल्सीदेस आवाज थोडा थोडा वाढवत गेले आणि चीर वाढत गेली.

"तुला जाणवलं, आणि तू तीन महिने गप्प?"

"डब्यावरचं सील मालकाचं. मालकाच्या परवानगीशिवाय डबा कसा उघडणार?"

"मग परवानगी मागायची."

"मागितली होती." तो जमिनीकडे बघत होता. "नको म्हणाले."

"का?"

"विचारू नका, ताई."

यापुढे तो एक अक्षर बोलला नाही. दिलियाला त्याचा संताप आला आणि किळसही. शनिवारी तोंडाला काळं फासणार आहेत आणि हा बसलाय मुका!

तिने ट्रान्स्फॉर्मर दिव्याखाली घेतला. पट्टीवरचं नाव खरवडलेलं होतं. त्याचं तिला नवल नव्हतं. रेबोलोत कोणी कोणाला आपलं गुपित दाखवत नाही. रेकॉर्डवरचं लेबल खरवडायचं, व्हॉल्व्हवरचे आकडे पुसायचे, ट्रान्स्फॉर्मर डांबरात गाडायचा. समोरच्या पिकोवाल्याला नाव कळलं की त्याने तीच वस्तू आणलीच म्हणून समजा.

पण हे खरवडणं कसलं? गोल गोल, मध्यापासून बाहेर, एकात एक.

"विल्फ्रीदो, तुला अशा पट्टीवरचा शिक्का उडवायचा असेल तर काय करशील?"

"थिनर लावीन. कापसाने पुसला की दोन सेकंदांत गेला."

"कशानेही खरवडणार नाहीस?"

"कशाला? हात दुखवून घ्यायला?"

म्हणजे हे दुरुस्तीवाल्याचं काम नव्हतं. हे नाण्याच्या कडेने, सवयीने, मनगट फिरवत केलेलं होतं. दुसऱ्याचा ट्रान्स्फॉर्मर चोरून त्याजागी भंगार बसवतानाही ज्याला नाव खरवडल्याशिवाय चैन पडली नाही, त्याने आयुष्यभर रेकॉर्डीची लेबलं खरवडली असणार.

आणि त्या घरात लेबलं कोण खरवडतं, ते विचारायला हवं होतं.

३

दॉन अल्सीदेस परसात बसले होते. नोकराणीने टिंटो आणला, काळी कडवट कॉफी. टेबल नव्हतं. शेजारी पाण्याची सिमेंटची टाकी होती आणि तिच्या झाकणावर वाऱ्याने उडू नये म्हणून डांबराने माखलेला एक जड धोंडा ठेवला होता. वरून सपाट होता. दिलियाने कप त्याच्यावर ठेवला.

"चाळीस वर्षं," दॉन अल्सीदेस म्हणाले. "चाळीस वर्षं मी पेटीसमोर उभा आहे. नाचणारीच्या चपलेचा पट्टा तुटला तर मला ऐकू येतो."

"मग वाघाचा आवाज बिघडला हे तुम्हाला कधी ऐकू आलं?"

"लगेच! त्याच शनिवारी!"

"आधी नाही?"

"आधी बिघडलाच नव्हता." त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "तुमचे वडील माझ्या कानांना मान द्यायचे. म्हणायचे, अल्सीदेस, तू ऐक आणि सांग, मग मी तारा गुंडाळतो."

दिलियाला आठवत होतं ते वेगळं. बाप म्हणायचा, फाटण्याचा अंश प्रत्येक यंत्रात असतो, देवाने बनवलेल्यातही. प्रश्न एवढाच, की तो कोणाला ऐकू येतो आणि कोण नुसतं येतं म्हणतो. म्हणून तो पडदा लावायचा. यंत्र पडद्यामागे, माणसं पुढे, प्रत्येकाच्या हातात कागद. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. भल्याभल्या कानवाल्यांची त्या पडद्यापुढे फजिती व्हायची, आणि बाप रात्री जेवताना पोट धरून हसायचा.

डोक्यावर एक रिकामा पिंजरा हलत होता.

"मोचुएलो कुठे गेला तुमचा?" तिने विचारलं. त्या चिमुकल्या काळ्या पक्ष्याच्या गाण्याची दॉन अल्सीदेसला भारी घमेंड असायची.

"मुका झाला. नुसता चोच उघडून बसायचा. न गाणारा पक्षी कशाला पोसायचा? दिला एदुल्फोला."

तेवढ्यात नायीब टॉवेलने डोकं पुसत आला. "बाई, एक सांगू? ते जुनं धूड विकून टाका म्हणून मी वर्षभर यांच्या मागे लागलोय. तयार अँप्लिफायर मिळतात, हलके, स्वस्त. मला तर दोन्हींत काही फरक ऐकू येत नाही."

"तुला काय ऐकू येणार? गाढवा!" दॉन अल्सीदेस कडाडले.

"निदान मी येतंय असं म्हणत तरी नाही," नायीब म्हणाला आणि आत निघून गेला.

दिलियाला त्या घरात पहिल्यांदाच एक खरं वाक्य ऐकू आलं होतं. तिने विचारलं, "रेकॉर्डींची लेबलं कोण खरवडतं?"

"मी आणि एदुल्फो. मीच शिकवलं त्याला. नाणं धरायचं कसं, मनगट फिरवायचं कसं." त्यांनी खिशातून नाणं काढून हवेत फिरवून दाखवलं. गोल गोल, मध्यापासून बाहेर.

तिने कप उचलला. डांबरावर कॉफीचं ओलं वर्तुळ उमटलं होतं.

४

एदुल्फोच्या घरी पोचेपर्यंत दिलियाचं मत झालं होतं, की चोर हाच. फुशारक्या मारणारा माणूस तिला जात्याच आवडत नसे, आणि हा तर फुशारक्यांवरच जगत होता.

"बाई, मी व्हॉल्व्ह कोणत्या कारखान्यातला ते नुसतं ऐकून सांगतो," तो म्हणाला. केसांना इतकं तेल, की उशीला डाग पडत असणार. "माझ्या कानांचा विमा उतरवायला हवा."

"मग तीन महिने वाघ फाटत होता, तो ऐकू नाही आला?"

एदुल्फोची नजर इकडेतिकडे फिरली. "आला की. पण मालकासमोर कोण बोलणार? मालक म्हणाले झकास, की आपण म्हणायचं झकास."

"थू!" दिलिया म्हणाली. "म्हणून विल्फ्रीदोला चोर ठरवताना पहिला तू ओरडलास."

"मालक ओरडले, मी साथ दिली," तो निर्लज्जपणे म्हणाला. "आणि खरं सांगू? फाटण्यापेक्षा मोठा छळ दुसराच आहे. ट्रेबल! मालक येऊन बारीक सुरांचं ते बटण पार शेवटपर्यंत फिरवतात. तुताऱ्या अशा टोचतात, की पुढच्या रांगेतल्या पोरी कानात बोटं घालतात. मी कमी करतो, ते पुन्हा येऊन वाढवतात. म्हणतात, आवाजावर गोधडी पडल्यासारखी वाटते."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने."

दिलियाला बोलायचं होतं, पण मघापासून खिडकीत एक आवाज तिच्या बोलण्यात लुडबूड करत होता. बारीक, धारदार, एकामागून एक ताना. तिने मान वळवली. खिडकीत पिंजरा होता. आत काळा चिमुकला पक्षी गळा फुगवून गात होता.

"हा कोणाचा?"

"मालकांचाच तो. मुका झाला म्हणून दिला मला." एदुल्फो हसला. "मुका कसला! आल्या दिवसापासून तोंड मिटत नाही. फडकं टाकलं तरच गप्प, काढलं की सुरू. बायको म्हणते, याची मान मुरगळ."

दिलिया पिंजऱ्याकडे बघत उभी राहिली. पक्षी मुका झाला नव्हता. वाघावर गोधडी पडली नव्हती. सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत येऊन बसलं. चोरीचा तिला राग आला असता. हे चोरीपेक्षा घाण होतं.

"एदुल्फो, शनिवारी दुपारी दुकानात ये. अँप्लिफायर हातगाडीवर घालून आण. आणि हा पिंजरा आण, फडकं टाकून. कोणाला सांगितलंस तर पलीकडच्या पिकोवाल्यांना तुझ्या सगळ्या रेकॉर्डींची नावं देईन."

"तुम्हाला कुठे माहीत आहेत?"

"तुझी लेबलं अर्धवट खरवडलेली असतात, मूर्खा."

५

माइकवरून नाव आलं नव्हतं, तरी कुजबूज वस्तीभर पसरली होती आणि गुरुवारी विल्फ्रीदोच्या दारावर शेण पडलं होतं. शनिवारी बारा वाजता दुकानात चार खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे दोरीवर बापाची जुनी चादर, सिगारेटच्या भोकांसह. चादरीमागे काय आहे ते फक्त दिलियाला दिसत होतं.

"हे काय पोरखेळ?" दॉन अल्सीदेसनी विचारलं.

"बाबांची परीक्षा. तुम्ही शंभरदा दिलेली. मी तीन आवाज ऐकवणार. कोणता कसा ते कागदावर लिहायचं, खाली नाव घालायचं. ज्याने हा ट्रान्स्फॉर्मर बसवला, तो आज आपोआप सापडेल."

"कसा काय?"

"बसा तर खरं."

ती चादरीमागे गेली. पहिला आवाज लागला. ढोल, तुतारी, एक बाई गळा काढून गाते आहे. ढोलाची थाप पडली की कापड टराटरा फाडल्यासारखं व्हायचं. चौघांनी लिहिलं. मग तिने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. तीच रेकॉर्ड, तोच अँप्लिफायर, तोच आवाज. चौघांनी पुन्हा लिहिलं.

"आता तिसरा."

तिसरा आवाज बराच वेळ चालला. विल्फ्रीदोने एकदम मान वर केली, मग दॉन अल्सीदेसकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. नायीब खुदकन हसला. एदुल्फोने ओठ चावला. दॉन अल्सीदेसनी तिघांचेही चेहरे पाहिले, त्यांना लिहिताना पाहिलं, चादरीकडे बघून जाणकारासारखी मान डोलावली आणि लिहिलं.

दिलियाने कागद गोळा केले. आधी एदुल्फोचा वाचला.

"'पहिला फाटका. दुसरा जास्त गोड, जर्मन व्हॉल्व्ह.' शाबास. दोन्ही एकच होते."

"अं, हवामानाचा परिणाम असतो, बाई..."

"गप बस. नायीब. 'दोन्ही सारखेच.' बरोबर. विल्फ्रीदो. 'दोन्ही एकच. ढोलाला फाटतो.' बरोबर. दॉन अल्सीदेस. 'पहिला ठीक. दुसरा ठीक.'" तिने कागद पुन्हा पहिल्यापासून धरले. "आता तिसरा. नायीब लिहितो, 'पक्षी?' एदुल्फो, 'माझा मोचुएलो.' विल्फ्रीदो, 'मोचुएलो.'"

तिने चादर ओढली. रेकॉर्ड थांबलेली होती. अँप्लिफायर बंद होता, साधी वायरही लावलेली नव्हती. त्याच्या डोक्यावर पिंजरा होता आणि त्यात तो काळा पक्षी अजूनही जिवाच्या आकांताने गात होता, दॉन अल्सीदेसपासून चार हातांवर.

"आणि दॉन अल्सीदेस लिहितात," दिलियाने कागद उजेडात धरला, "'तिसरा सर्वांत स्वच्छ. हाच माझा वाघ.'"

दॉन अल्सीदेस पिंजऱ्याकडे बघत होते. पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती.

"गातोय?" त्यांनी विचारलं.

"रोज गातो," एदुल्फो म्हणाला. या वेळी त्याने फुशारकी मारली नाही.

"चाळीस वर्षं पेटीसमोर उभे राहिलात," दिलिया म्हणाली. "बारीक सूर ऐकणारे कान गेले. जाड सूर राहिले. आधी पक्षी मुका झाला, मग वाघावर गोधडी पडली. तुम्ही विल्फ्रीदोला तपासायला सांगितलं असणार. तो म्हणाला असणार, यंत्र ठणठणीत आहे. म्हणजे बिघाड कुठे उरला? कानात! ते तुम्हाला सोसलं नाही. तो गावी गेल्यावर खिळ्यावरच्या किल्लीचीही तुम्हाला गरज नव्हती, तुमची होतीच. पाच तारा जोडायला तुम्हाला येतात. नवा आणलात, नाण्याने नाव खरवडलंत. खोट्या मालाचं नाव लपवायचं तर थिनर असतं, पण तुमचं मनगट आपोआप फिरलं. मग आपल्याच अंगठीने सील केलंत."

"एदुल्फोही नाण्यानेच खरवडतो," दॉन अल्सीदेस पुटपुटले.

"एदुल्फोला पक्षी ऐकू येतो. आणि तो अर्धवट खरवडतो, हे पार पांढरं केलंय. एवढ्याशा लोखंडात ढोल मावत नाही, फाटतो. पण फाटण्याची धार बारीक सुरांत असते. सातशे लोकांना ती ऐकू आली, तुम्हाला नाही. ते म्याव म्याव झालं तेव्हा तुम्हाला कळलं, की आपलंच चुकलं. तेव्हा तुम्ही काय केलंत? एकोणीस वर्षं तुमचं मीठ खाल्लेल्या माणसाला चोर केलंत."

"ताई, पुरे," विल्फ्रीदो म्हणाला.

ती त्याच्यावर उलटली. "तुला माहीत होतं!"

"संशय होता. पिकोवाल्याचे कान गेले हे बाहेर कळलं, तर त्याच्याकडे उरतं काय? मला वाटलं, ते स्वतःच सांगतील."

"सांगितलं त्यांनी. तुझं नाव सांगितलं." तिला त्याच्या चांगुलपणाचीही शिसारी आली. ती म्हाताऱ्याकडे वळली. "बाबांचा ट्रान्स्फॉर्मर कुठे आहे?"

"तो मेला होता," दॉन अल्सीदेस म्हणाले. "मला वाटलं, मेला. म्हणून टाकीवर..."

दिलियाच्या हातातले कागद खाली पडले.

६

डांबरावरचं कॉफीचं वर्तुळ अजून तसंच होतं.

दिलियाने बापाचं शेवटचं काम टाकीच्या झाकणावरून दोन्ही हातांनी उचललं आणि लेकरू पदराखाली घेतल्यासारखं पोटाशी धरलं. तीन महिने त्याने टाकीचं झाकण दाबून धरलं होतं. कोंबड्यांनी त्याच्यावर घाण केली होती. आणि तिने, नीकानोर पोलोच्या लेकीने, त्याच्यावर कप ठेवला होता. ती नळाखाली हात धूत राहिली, धूत राहिली.

"तुमचा कागद माझ्याकडे आहे," ती दॉन अल्सीदेसला म्हणाली. "चार वाजता माइकवरून खरं सांगा. अख्खं नको. 'चूक माझी, विल्फ्रीदो निर्दोष,' एवढे चार शब्द. मग कागद मी जाळते. तुमचे कान हा तुमचा खाजगी मामला."

"शब्द देतो," ते म्हणाले आणि अंगठीचं चुंबन घेतलं.

चार वाजता रस्ता माणसांनी भरला होता. ऊन अजून भिंतींवर होतं. विल्फ्रीदोने ट्रान्स्फॉर्मर बसवला होता, वरून डांबर ओतलं होतं. एदुल्फोने पहिली रेकॉर्ड लावली. ढोलाची थाप पडली, आणि ती अख्खी आली, गोल, पोटात उतरणारी. लोकांनी आरोळी ठोकली. दिलियाने बापाचं नाव मनात घेतलं. तिला वाटलं, झालं, आता शेवट गोड होणार.

दॉन अल्सीदेसनी माइक घेतला. सदऱ्याला इस्त्री होती.

"मित्रांनो, वाघ परत आला! एक वस्तू इकडची तिकडे झाली होती, ती सापडली. आणि विल्फ्रीदोच्या बाबतीत," त्यांनी छातीवर हात ठेवला, "माझं मन मोठं आहे. मी त्याला माफ केलं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माफ केलं! विल्फ्रीदो अँप्लिफायरमागे तसाच वाकून बसला होता, आणि पुढच्या रांगेतली मासळीवाली त्याच्या बायकोकडे बघून नाक मुरडत होती. माफ केलेला चोर हा शेवटी चोरच असतो, हे म्हाताऱ्याला नीट ठाऊक होतं.

तिने दोन पावलांत माइक हिसकावला.

"मी दिलिया पोलो. हे मालकाच्या हातचं आहे, ऐका." आणि तिने कागद वाचला. पडद्यामागे काय होतं ते सांगितलं, ट्रान्स्फॉर्मर कोणी काढला ते सांगितलं, तो कुठे सापडला ते सांगितलं. काहीही वाढवलं नाही आणि काहीही गाळलं नाही.

मग मागून कोणीतरी बारीक आवाज काढला. "म्याव." दुसरा हसला. "म्याव." क्षणात सगळा रस्ता म्याव म्याव करायला लागला. परवा विल्फ्रीदोच्या दारावर शेण फेकणारे, आत्ता माफीला टाळ्या पिटणारे, तेच सगळे. मासळीवाली सगळ्यांत जोरात. बारीक, चिरके, पोरकट आवाज, आणि म्हातारा मिश्यांवरून हात फिरवत त्या उघडमीट करणाऱ्या तोंडांकडे बघत उभा होता. दिलियाला त्याचीही किळस आली, त्यांचीही आली, हातातल्या माइकचीही आली. तिने तो खाली ठेवला.

विल्फ्रीदो उठला. त्याने आपल्या पिशवीत पक्कड टाकली, सोल्डरिंगची कांडी टाकली, चाचणीच्या तारा नीट गुंडाळून टाकल्या. मग ट्रेबलचं बटण मागे फिरवून मधोमध आणलं. खिशातली किल्ली काढून त्याने दॉन अल्सीदेसच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"वाघ ठणठणीत आहे, दॉन अल्सीदेस," तो हळू आवाजात म्हणाला. "ट्रेबलला हात लावू नका."

तो बायकोला घेऊन गर्दीतून निघाला. लोकांनी वाट दिली. मासळीवालीने त्याच्या बायकोला हाक मारली. ती थांबली नाही.

दॉन अल्सीदेस दिलियाकडे वळला. किल्ली त्याच्या मुठीत घट्ट होती.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.

दिलियाने प्रश्न ऐकला, आणि त्याला तसाच सोडून ती घरी निघाली.